गारपिटीनंतर सरकार नेमकं काय करतं आणि तलाठी येईपर्यंत आपण काय करायचं

प्रश्न विचारणारे भाऊ जालना जिल्ह्यातले, नोकरीला पुण्यात, गावी आई एकटीच. सहा एकरात तीन एकर हरभरा, दोन एकर ज्वारी, एक एकर मोसंबी. चार दिवसांपूर्वी गारा पडल्या, तलाठी अजून आला नाही, गावातला एकजण म्हणतो ७२ तास गेले आता काही मिळणार नाही, आणि कॅनडातले मेहुणे फोनवर म्हणतात आमच्याकडं बर्फाचं वादळ झालं की सरकार आणीबाणी लावतं, मिलिटरी येते, तुमच्याकडं कुत्रं पण येत नाही. तर सरकार नेमकं करतं काय, असं विचारायलात.

मी तलाठी म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून रिटायर झालो, सगळी नोकरी मराठवाड्यातच गेली. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा नवा पोरगा होतो, त्यानंतर गारपिटी किती बघितल्या मोजल्या नाहीत. म्हणून जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

आधी मेहुण्यांचं. ते खोटं बोलत नाहीत, पण त्यांच्याकडची गोष्ट वेगळी आहे. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्युबेक आणि ओंटारियो प्रांतांत जे झालं त्यात गारा नव्हत्या, पाऊसच पडत होता पण जिथं पडेल तिथं गोठत होता, तारेवर, झाडावर, खांबावर. चार-पाच दिवस ते चाललं आणि बर्फाच्या वजनानं विजेचे लोखंडी टॉवर वाकून पडले, लाकडी खांब तर हजारोंनी गेले. चाळीस लाखांच्या आसपास लोक अंधारात, काहींना महिनाभर लाईट नव्हती, बाहेर उणे तापमान. मग १५ हजारांहून जास्त सैनिक उतरवले. गाईच्या गोठ्यात दूध काढायचं मशीन बंद, डेअऱ्या बंद, काढलेलं दूध ओतून द्यावं लागलं. आणि घरात जनरेटर लावून धुरानं माणसं गेली ती वेगळीच. तिथं लाईट नाही म्हणजे माणूस थंडीनं मरतो, म्हणून मिलिटरी. आपल्याकडं गारपीट वीस मिनिटांत संपते, ऊन पडतं, गारा विरघळतात आणि संध्याकाळी बघणाऱ्याला वाटतं झालं काय? रस्ता चालू, दुकान चालू. नुकसान सगळं वावरात आडवं पडलेलं. आपल्याकडं मिलिटरी आली ती किल्लारीला, ३० सप्टेंबर १९९३ ला, कारण तिथं ढिगाऱ्याखाली माणसं होती. हरभरा आडवा पडला तर जवान येऊन काय करणार?

पैशाचं म्हणाल तर फरक वाटतो तेवढा नाही. अमेरिकेत फेमा नावाची केंद्राची संस्था आहे, मोठी आपत्ती जाहीर झाली की रस्ते, वीज, सरकारी इमारती असल्या कामांचा किमान ७५ टक्के खर्च केंद्र उचलतं, बाकी राज्य आणि स्थानिक. आपल्याकडं राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासारख्या राज्याला केंद्राचे ७५ आणि राज्याचे २५. गारपीट ही केंद्राच्या आपत्तीच्या यादीत नावानिशी आहे.  म्हणजे आपल्याकडं नियम नाही असं नाही. नियम आहे, पण तो पंचनाम्याच्या कागदावर चालतो आणि पुढं जे सांगणार आहे ते सगळं त्या कागदाचंच आहे.

गार पडली त्या संध्याकाळी काय होतं ते सांगतो, हे कुणी सांगत नाही. तहसीलमध्ये फोन सुरू होतात, कलेक्टर ऑफिसमधून विचारणा येते किती गावं, किती हेक्टर, माणूस-जनावर दगावलं का. नायब तहसीलदार तलाठ्यांना फोन लावतो, तलाठी कोतवालाला आणि पोलीस पाटलाला लावतो आणि रात्री नऊ-दहापर्यंत एक प्राथमिक अहवाल वर जातो, नजर अंदाजानं. हे आकडे कच्चे असतात, सगळ्यांना माहीत असतं. पण त्या कच्च्या यादीत गावाचं नाव नसलं तर पंचनाम्याच्या आदेशात त्या गावाची वाट लागते, नाव नंतर घालता येतं पण मग अर्ज, निवेदन, आमदाराचा फोन, सगळं करावं लागतं. अतिवृष्टीला एक माप आहे, महसूल मंडळात (बऱ्याच गावांचा मिळून एक गट) २४ तासांत ६५ मिमी पाऊस पडला की मंडळ आपोआप यादीत. गारपिटीला माप नाही. पर्जन्यमापकात गार पडली काय आणि पाणी पडलं काय, पाणीच मोजतो. आणि गारेचा पट्टा किती अरुंद असतो हे तुम्ही बघितलंच असेल, नदीच्या अलीकडचं शिवार साफ झोपलं आणि पलीकडं हरभऱ्याचे ढाळे खात बसलेत लोक. मंडळाच्या गावी पाच मिमी पाऊस दिसतो आणि तुमच्याकडं लिंबाएवढ्या गारा. म्हणून गारपिटीत मशीन नाही, फक्त माणूस साक्षीला असतो. सरपंच, पोलीस पाटील, कोतवाल यांपैकी कुणीतरी त्या संध्याकाळीच तलाठ्याला व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला की नाही यावर लई काही ठरतं. तुमच्या गावात कुणी टाकला होता का ते आधी विचारा. नसेल तर आज टाका. उशीर झाला असला तरी टाका.

मग संयुक्त पंचनाम्याचा आदेश निघतो. संयुक्त म्हणजे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघं मिळून. आता तिघांचीही नावं बदललीत, तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात विचारलं तर तलाठीच सांगतील लोक. एका तलाठ्याकडं एक सज्जा, त्यात तीन-चार गावं, कधी शेजारच्या रिकाम्या सज्जाचा अतिरिक्त चार्ज. हजार-बाराशे खातेदार. आता तुम्हीच हिशोब करा, दिवसाला शंभर वावरं फिरायची म्हणलं तर बांधावरून मान वळवून पुढं जाणं एवढंच होतं. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही, मी स्वतः तसे पंचनामे केलेत म्हणून सांगतो. चार दिवसांत तलाठी आला नाही म्हणजे तो येणारच नाही असं नसतं. मार्च २०२३ मध्ये तर १४ ते २० तारखेला राज्य कर्मचाऱ्यांचा जुन्या पेन्शनसाठी संप होता आणि नेमकी त्याच आठवड्यात गारपीट झाली, पंचनामे करायला माणूसच नाही. संप मिटल्यावर तलाठी गावात गेले तोवर बऱ्याच जणांनी गहू काढून घेतला होता, काय करणार बिचारे, पुन्हा पाऊस आला तर जे हाती लागतंय तेही जाईल. मग पंचनामा कशाचा करायचा? ज्यांच्याकडं फोटो होते त्यांचं निभावलं.

आता टक्क्यांचं, हे नीट वाचा. मदत मिळायला नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं. आधी ही अट ५० टक्के होती, एप्रिल २०१५ मध्ये केंद्रानं ती ३३ वर आणली, कारण त्याच्या आदल्या वर्षी आणि त्या वर्षीही देशभर गारपिटीनं शेतकरी रडत होता. ३३ च्या वर ४० असो, ७० असो, १०० असो, हेक्टरी मदत सारखीच. पण ३० लिहिलं की शून्य. माझ्या काळात नवे तलाठी प्रामाणिकपणे '३० टक्के' लिहून यायचे, त्यांना वाटायचं आपण बरोबर अंदाज केला, आणि त्यांच्या एका आकड्यानं सगळं गाव बाद व्हायचं. मी त्यांना म्हणायचो बाबा, वाढवून लिही असं मी म्हणत नाही, पण घाटे मोजून लिही, लांबून बघून नको. हरभऱ्याचं झाड उभं दिसतं, हिरवंगार दिसतं, आणि खाली वाकून बघितलं तर निम्मे घाटे गळून मातीत पडलेले. ज्वारीचं उलटं, आडवी पडलेली ज्वारी बघून शंभर टक्के वाटतं पण कणसात दाणा भरलेला असला तर दाणा काळा पडून थोडाफार निघतो आणि कडबा मात्र वाया जातो. मोसंबीला तर फळ झाडावर असतं, मार लागलेलं, डाग पडलेलं, आठ-पंधरा दिवसांनी गळतं. पंचनाम्याच्या दिवशी झाड भरलेलं दिसतं! म्हणून आईंना सांगा तलाठी आला की त्याला मोसंबीच्या झाडाखाली न्या आणि मार लागलेली चार फळं हातात द्या.

रक्कम किती ते सांगतो, आणि इथं बऱ्याच जणांचा राग होतो. २०२२ ते २०२६ साठी केंद्रानं ठरवलेल्या निकषात जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक म्हणजे फळबागेला २२,५००, आणि मर्यादा दोन हेक्टर. एकरात सांगायचं तर जिरायत ३,४००, बागायत ६,८००, फळबाग ९,०००. तुमचं सहा एकर म्हणजे २.४० हेक्टर, त्यातलं पाच एकरच धरणार. मोसंबी एक एकर ९,००० आणि बाकी चार एकर जिरायत धरली तर १३,६००, असे मिळून २२,६००. हरभरा-ज्वारीला पाणी असेल आणि सातबारावर तसं असेल तर ३६,२०० पर्यंत जाईल. राज्य सरकार कधीकधी स्वतःच्या तिजोरीतून वाढवून देतं, नोव्हेंबर २०२३ च्या अवकाळी आणि गारपिटीला १३,६००, २७,००० आणि ३६,००० असे दर तीन हेक्टरपर्यंत दिले होते. पण ते त्या-त्या वेळच्या शासन निर्णयावर, दरवेळी धरून चालू नका.

तुम्ही म्हणाल एकरी ३,४०० मध्ये काय होतंय, हरभऱ्याचं बी-खतच तेवढ्याचं जातं. बरोबर. कारण ही भरपाई नाहीच. तिचं कागदावरचं नाव निविष्ठा अनुदान आहे, म्हणजे पुढच्या पेरणीला बी-खत घ्यायला हातभार. माल गेला त्याची किंमत सरकार देत नाही, ते काम विम्याचं असं धरलेलं आहे. 'नुकसानभरपाई' हा शब्द पेपरवाल्यांनी आणि पुढाऱ्यांनी चालवला आणि त्या शब्दापायी लोक आयुष्यभर सरकारला शिव्या देतात की माझं दोन लाखाचं गेलं आणि वीस हजार टेकवले. मी चावडीवर हे सांगायचो तेव्हा लोक माझ्याकडंच बघायचे, जणू मीच ठरवलंय.

विम्याचं आता पूर्वीसारखं राहिलं नाही, इथं तुमच्या गावातला माणूस जुनंच सांगतोय. प्रधानमंत्री पीक विमा २०१६ च्या खरिपापासून आला, त्यात गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीला ७२ तासांत कळवायचं, मग कंपनीचा माणूस येऊन सर्वे करायचा, असं होतं. २०२३ पासून एक रुपयात विमा झाला आणि सगळेच भरायला लागले. पण खरीप २०२५ पासून आपल्या राज्यानं ते बंद केलं, आता शेतकऱ्यानं खरिपाला दोन आणि रब्बीला दीड टक्का हप्ता भरायचा आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे मंडळातलं सरासरी उत्पन्न आधी ठरवलेल्या उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेलं तरच. हरभरा-ज्वारीसाठी आता त्या ७२ तासांना अर्थ राहिला नाही. आणि गारेचा पट्टा अरुंद असतो म्हणलं ना, म्हणजे मंडळातली बाकी गावं चांगली पिकली तर तुमचं गाव सरासरीत बुडून जाणार. मला विचाराल तर गारपिटीच्या शेतकऱ्याचं यात सरळ नुकसान झालं, पावसाच्या खंडाला सरासरी ठीक आहे, गारेला नाही. मोसंबीचं मात्र वेगळं आहे. हवामान आधारित फळपीक विमा घेतला असेल आणि त्यात गारपिटीचा जादा हप्ता भरला असेल (तो ऐच्छिक असतो, बरेच जण चार पैसे वाचवायला सोडून देतात) तर तिथं ७२ तासांत कळवणं लागतंच. आईंनी किंवा तुम्ही सेतूवर भरलेली पावती काढा आणि त्यात गारपीट लिहिलंय का बघा. आणि एक, कंपनीकडं तक्रार नोंदवली म्हणजे पंचनामा झाला असं होत नाही आणि पंचनामा झाला म्हणजे विमा मिळाला असंही नाही. दोन वेगळी दुकानं आहेत ती. दरवर्षी निम्मे लोक इथं फसतात.

आता ज्यांचा पंचनामा हुकतो त्यांच्याबद्दल. एक माझ्या हातून झालेलं सांगतो. २०१४ ची गारपीट, फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झाली आणि मार्चच्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं पडतच राहिली, असं मी आधी कधी बघितलं नव्हतं. एका गावाचे पंचनामे उरकून परत येतोय तोच तिथंच पुन्हा गारा, म्हणजे पहिले कागद फुकट. त्यात ५ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, म्हणजे इकडं पंचनामे, तिकडं मतदार यादी आणि मदत जाहीर करायलाही निवडणूक आयोगाची परवानगी. शेवटी राज्यानं चार हजार कोटींचं पॅकेज काढलं, जिरायतीला हेक्टरी १०,०००, बागायतीला १५,०००, फळबागेला २५,०००. माझ्याकडं तेव्हा बीडकडचं एक मंडळ होतं. तिथं फेब्रुवारी-मार्चमध्ये निम्मा तांडा कारखान्यावर ऊस तोडायला असतो, घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. आम्ही बांधावर गेलो, खातेदार हजर नाही, पंच म्हणले 'साहेब हे कारखान्याला गेलेत', मी म्हणलं पुढं घ्या, नंतर बघू. ते नंतर आलंच नाही. एप्रिल-मेमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचं गाळप संपल्यावर, लोक परत आले तेव्हा याद्या लागून गेल्या होत्या. एक बाई दोन महिने तहसीलच्या पायऱ्यावर यायची, तिच्या नवऱ्याच्या दोन एकरांतली ज्वारी गेलेली, शेजाऱ्याच्या वावराला मदत मिळाली आणि हिच्या नाही, मध्ये फक्त बांध. तिचा अर्ज मी वर पाठवला, पाठपुरावा केला, पण पुरवणी यादीत नाव बसलं नाही. त्यानंतर मी नियमच केला, खातेदार नसला तरी वावर बघायचं, पंचनाम्यात 'खातेदार ऊसतोडीला गैरहजर' असं स्पष्ट लिहायचं आणि शेजाऱ्याची सही घ्यायची. कायद्यात खातेदार हजरच पाहिजे असं काही नाही. तुमचंही तेच, तुम्ही पुण्यात आहात म्हणून अडत नाही, आई नाहीतर चुलतभाऊ कुणीही दाखवू शकतो.

बटईवाल्याचं मात्र खरंच अवघड आहे. सातबारा मालकाच्या नावावर, बी-खत-मजुरी बटईदाराची, पैसे मालकाच्या खात्यात. बटईचा कागद कुणी करत नाही, कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, या भीतीनं. सरकारी मदतीत याला वाट नाही, मालक माणुसकीचा असला तर देतो. सामाईक खात्यात सगळ्यांचं संमतीपत्र लागतं, एका भावानं अडवलं की सगळं अडतं, आणि सातबारावर वारलेल्या आजोबांचंच नाव असलं तर आधी वारसाचा फेर. तुमच्या वडलांचं नाव अजून सातबारावर आहे का? प्रश्नात तुम्ही आईच लिहिलंय म्हणून विचारतो. असेल तर वारस नोंदीचा अर्ज आजच द्या, पंचनाम्याची वाट बघू नका.

जनावरांचं थोडक्यात. त्याच २०२२ ते २०२६ च्या निकषात दुभती म्हैस किंवा गाय दगावली तर ३७,५००, ओढकामाचा बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००. पण जनावरांच्या डॉक्टरनं बघून, शवविच्छेदन करून दाखला दिला पाहिजे. लोक काय करतात, वास सुटतो म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच खड्डा करून पुरतात. मग फोटो दाखवतात, त्यावर डॉक्टर सही करत नाही आणि त्याचंही चुकत नाही. माणूस दगावला तर वारसाला चार लाख, तिथंही शवविच्छेदन लागतंच. घराचे पत्रे उडाले, भिंत पडली तर पंधरा टक्क्यांच्या वर नुकसान असल्यास पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००, गोठ्याला ३,०००. शेडनेट, ठिबक, पॉलिहाऊस फाटलं तर त्याला या निकषात काहीच नाही, जालन्याकडं बियाण्यांच्या शेडनेटवाल्यांचं लाखात जातं आणि हाती पिकाचेच काय ते पैसे येतात. बँकेच्या कर्जातून शेडनेट केलं असेल तर त्याचा विमा आधी उतरवलेला असतो कधीकधी, कागद तपासावा.

पंचनाम्यानंतरचं काम सगळं कॉम्प्युटरवर. तलाठी यादी भरतो, तहसीलला तपासणी, पोर्टलवर अपलोड, कलेक्टर, मग संभाजीनगरला विभागीय आयुक्त, मग मुंबईला मदत व पुनर्वसन विभाग, मग शासन निर्णय, जिल्हानिहाय पैसे. मग तुमच्या नावापुढं विशिष्ट क्रमांक येतो, तो घेऊन सेतूवर आधारनं अंगठा द्यायचा. ज्यांची फार्मर आयडी झाली त्यांना अलीकडं या केवायसीतून सूट दिली होती, म्हणून नसेल काढली तर काढून घ्या. पैसे जातात आधारला जोडलेल्या खात्यात आणि इथं लई गंमत होते. आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं त्यात जातात. कधीतरी सिम घेताना मोबाईलवाल्यानं उघडून दिलेलं खातं असतं, माणूस जिल्हा बँकेत पासबुक भरून भरून थकतो आणि पैसे तिकडं पडलेले. आईंचं आधार कुठं जोडलंय ते आत्ताच तपासा. बँकेनं मदत थकीत कर्जात वळती केली किंवा खात्याला होल्ड लावला तर लेखी अर्ज घेऊन तहसीलला या, मदतीतून कर्जवसुली करू नये असं शासन निर्णयात बहुतेक वेळा लिहिलेलंच असतं, त्याची झेरॉक्स मॅनेजरसमोर ठेवली की सहसा सुटतं. या सगळ्याला दोन-तीन महिने धरा, कधी सहाही. मेहुण्यांना सांगा त्यांच्याकडंही चेक दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

यादी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावायची असते. लावतात, पण दोन दिवसांत कुणीतरी फाडतं. लागली की फोटो काढून ठेवायला सांगा कुणालातरी. नाव नसलं, क्षेत्र कमी लावलं, फळबागेऐवजी जिरायत लिहिली तर तोंडी भांडू नका, तलाठ्याशी तर अजिबात नको, तोच पुढं दुरुस्ती करणार आहे. तहसीलदाराच्या नावे साधा अर्ज, गट नंबर, क्षेत्र, पीक, तारीख, सोबत फोटो, आणि आवक शाखेतून शिक्का मारून पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा. ही गोष्ट मी खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी बघितलेली आहे, रिटायर झाल्यावर माझ्याच एका कामासाठी पोच न घेता कागद देऊन आलो आणि तो सापडेना, तेव्हा पोरानं मला माझंच वाक्य ऐकवलं.

तर तुम्ही आता काय करायचं. आज सकाळीच चुलतभावाला वावरात पाठवा, फोनमध्ये लोकेशन चालू करून गटाच्या चारी कोपऱ्यातून फोटो, मग जवळून घाटे, कणसं, झाडाखाली पडलेली मोसंबी, एक व्हिडिओ बांधापासून बांधापर्यंत सलग, त्यात गट नंबर तोंडानं बोलायचा. हरभरा काढायची घाई असेल तर काढा, पीक वाचत असेल ते घरात आलंच पाहिजे, पण एका कोपऱ्यात गुंठा-दोन गुंठे तसंच उभं ठेवा तलाठ्याला दाखवायला. तलाठ्याला फोन करा, प्रेमानं, 'आमच्याकडं कधी येणार ते सांगा, कुणीतरी हजर ठेवतो' एवढंच. पंचनाम्यावर सही करायच्या आधी टक्केवारीचा आणि क्षेत्राचा रकाना वाचायला सांगा आईंना, किंवा फोटो काढून तुम्हाला पाठवायला सांगा. कोऱ्या कागदावर सही द्यायची नाही, कितीही ओळखीचा असला तरी.

आणि ई-पीक पाहणी. यंदा रब्बीची केली होती का? २०२१ पासून पीक शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवर नोंदवायचं आहे आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं नेमकं तेच राहून जातं. पंचनाम्यात वावरात दिसेल ते पीक लिहितात, पण सातबारावर जमीन पड दिसत असेल तर वरच्या तपासणीत शंका काढली जाते. ऑनलाइन सातबारा काढा, खाली पिकाच्या रकान्यात मोसंबी आहे का बघा, आणि काय दिसतंय ते इथंच लिहा, त्यावरून अर्ज कसा लिहायचा ते सांगतो.